शेऱ्याचा रकाना

ग्रीन व्हॅली, फेज दोन.
व्हॅली कुठेच नाही.
अमळनेरच्या बाहेर, बोरीच्या कोरड्या पात्राकडे पाठ करून
काळ्या रानाचे एकशे आठ तुकडे,
प्रत्येकाच्या चार कोपऱ्यांना चुन्यात बुडवलेले दगड.
मे महिन्यात त्या दगडांना हात लावायचा नसतो.
मी पायानं शोधतो.

नियम माझ्या पिशवीत आहेत.
भूखंड शंभर चौरस मीटरच्या आत नसावा.
समोरचा समास तीन मीटर, बाजूचा दीड.
समासात दोन झाडे, मान्य यादीतली:
बॉटलपाम, फॉक्सटेल, सप्तपर्णी.
उरलेल्या जागेत हिरवळ.
यादी कुणी केली ठाऊक नाही.
ज्यानं केली त्याच्या नळाला रोज पाणी येत असावं.
इथं आठव्या दिवशी येतं,
तेही पहाटे, चोरासारखं.

प्लॉट नंबर एकतीस. द्वारका बोरसे.
तक्रार: समासात रानटी झुडपे वाढविली आहेत,
सापकिरडूचे भय, कॉलनीची शोभा जाते.
तक्रारदार प्लॉट बत्तीस,
ज्यांचं लॉन कडेनं कावीळ झाल्यासारखं.
बाईंचा तरवडही पिवळाच,
पण स्वतःच्या मर्जीनं.
रुई, एक बोराटी, तिच्यात चिमण्यांचं भांडण,
आणि मागच्या कोपऱ्यात हिवर,
पांढुरक्या सालीचा, काटेरी,
सावली मोजून-मापून देणारा.

मी फीत ताणली.
दुसरं टोक गुलाब कोळीनं धरलं.
ब्याण्णव.
पुन्हा ताणली, गुलाबला म्हटलं नीट धर.
ब्याण्णव.
आठ कमी,
म्हणजे नियमाच्या लेखी ही जागाच नाही.
आणि नसलेल्या जागेत
एक बाई पत्र्याच्या खुर्चीवर भेंडी चिरत बसलेली.

"भाऊ, आठ मीटर रस्तानी खादा. मी नही."
मग सुरी हिवराकडे करून,
"आनि हाई झाड मी नही लायं.
ते मना पहिले आठे व्हतं."

फॉर्मवर रकाने तीन: वृक्ष, झुडूप, तण.
तिचं वाक्य यातल्या कशातच बसेना.
हिवर यादीत नाही, म्हणून वृक्ष नाही.
पुरुषभर उंचीच्या दुप्पट आहे, म्हणून झुडूप नाही.
तण लिहायला पेन टेकवलं
आणि घाम टपकला त्या रकान्यात,
शाई पसरली. बरंच झालं.

संध्याकाळी कचेरीत जुनं टिपण काढलं.
कसर लागलेलं बाड, कापडाची बांधणी,
माझ्या आजाच्याही आधीच्या कुणाचं अक्षर:
"हिवरापासून उत्तरेस सात साखळी नऊ आणे."
एवढंच.
एक माणूस उन्हात उभा राहिला असेल,
चारी बाजूंना नुसतं रान,
साखळीची पहिली कडी अडकवायला काहीतरी हवं
म्हणून त्यानं झाड निवडलं.
मग त्याच आकड्यावरून गटाची फाळणी,
फाळणीवरून बिनशेती, बिनशेतीवरून लेआउट,
एकशे आठ सातबारे, मंदिराची मोकळी जागा,
ड्रेनेजची रेघ, बत्तीसचं लॉन,
सगळं त्या एका बुंध्याला टांगलेलं.

तिथून मोजलं तर एकतीस पुरा भरतो का,
मला माहीत नाही.
भरलाच, तर बाकीचे किती सरकतील,
हेही माहीत नाही.
ड्रॉवरमध्ये बाड ठेवलं, परत काढलं.

तीनही रकाने कोरे सोडले.
शेऱ्यात लिहिलं: आरंभबिंदू. तोडू नये.
साहेब विचारतील, कुठल्या कलमाखाली?

उद्या पाण्याची पहाट आहे,
सगळी कॉलनी मोटारींपाशी असेल.
तेवढ्यात जाऊन येईन एकटाच.
गुलाबला झोपू दे.
फितीचं दुसरं टोक
झाड धरील.