मागची सीट

शनिवारी पहाटे मडगावच्या स्टँडवर
आधी दिसलं पिवळं मडगार्ड,
मग त्याला टेकलेला तोलेंतिन.
"आज पायलट बंद," म्हणाला,
"आज गिऱ्हाईक घेणार नाही, वारा घेणार."
आम्ही हसलो. बुधवारच्या तिकिटाचा विषय
कुणी काढला नाही.

तीन गाड्या, चौघे जण.
चांदरला पाववाल्याच्या सायकलचा भोंगा,
गरम उंडे शर्टात कोंबून निघालो,
पोटाशी पाव, पाठीला थंडी.
कुष्टाच्या मागे बसून शाबा ओरडत होता काहीबाही,
प्रत्येक वळणावर त्यातलं अर्धंच पोचायचं:
…पोरीचं जमतंय म्हणे…
…ह्याचा तिसरा गिअर…
…तेव्हा माझ्या बापाने…
आणि आम्ही सगळ्यालाच हो हो म्हणत होतो.

केपे मागे पडलं, कुळागरं सुरू झाली.
सुपारीच्या सावलीत शिरलं की बाही ओली झाल्यासारखी,
बाहेर आलं की ऊन आणि काजूच्या मोहराचा वास.
रिवणच्या पुढे खाणीचे जुने डंपर
गवतात नाक खुपसून उभे होते.
एकाच्या टपावर वेल चढून भोपळा धरलेला.
कुष्टाने नंबर वाचला, वेग कमी केला,
एकदाच हॉर्न दिला त्याला.
सहा वर्षं तोच चालवायचा तो.

कोळंबच्या फाट्यावर एका बाईने हात केला.
डोक्यावर नीरफणसांची पाटी.
तोलेंतिनचा पाय आपोआप टेकला रस्त्यावर,
"खंय?" असं विचारूनही झालं.
तिला जायचं होतं रिवणला,
म्हणजे आम्ही आलो तिकडेच, उलटं.
अर्धा तास आम्ही सागाखाली बसलो.
इंजिनं थंड होताना टिक् टिक् करत होती,
शाबा शिव्या देत पाव खात होता.
तोलेंतिन आला तो हँडलला दोन नीरफणस लटकावून.
"भाडं?"
"हेच. तिला कुठे माहीत, मी सुट्टीवर आहे ते."

नेत्रावळीच्या तळीवर टाळ्या वाजवल्या की
तळातून बुडबुडे येतात, जोरात वाजवल्या तर जास्त.
चार बाप्ये काठावर उकिडवे बसून
बालवाडीसारखे टाळ्या पिटत होतो.
पाणी आमच्याशी काहीतरी बोलत होतं, घाईघाईने.
"स्विंडनला आहे का रे असलं?"
कुष्टाच्या तोंडून गेलं ते.
तोलेंतिनने टाळी अर्ध्यावर थांबवली.
"गोदाम आहे. रात्रपाळी.
बहीण म्हणते, आत गरम असतं."
मग पुन्हा वाजवायला लागला, सगळ्यांत जोरात.

निघताना चावी त्याने शाबाला दिली
आणि माझ्या गाडीपाशी येऊन उभा राहिला.
"मला मागे बसव."

बावीस वर्षं त्याच्या मागे माणसं बसली:
परीक्षेला उशीर झालेली पोरं, विमा एजंट,
कळा सुरू झालेली एक बाई,
एकदा लग्नाच्या बँडमधला एक जण, ट्रॉम्बोनसकट.
तो स्वतः कधी बसला नव्हता.
हातांचं काय करायचं तेच त्याला कळेना.
आधी गुडघ्यांवर, मग मागच्या दांडीवर,
उतारावर शेवटी माझ्या खांद्यावर.
मी ब्रेक मारला की त्याचा उजवा पाय
हवेत काहीतरी दाबायचा.

"ही विहीर कधी बांधली?"
"इथे घर होतं?"
"अरे, नदी इतकी जवळ आहे!"
ज्या रस्त्याने हजारदा गेला असेल
त्याच्या दोन्ही कडा पहिल्यांदा बघत होता.
पायलटला फक्त मधलं दिसतं.

स्टँडवर दिवे लागले होते.
उतरला, पँट झटकली.
"किती झाले?"
त्याच्याच आवाजात मी सांगितलं, "साडेतीनशे."
"लूट आहे ही. तीनशे."
आणि खरंच पाचशेची नोट काढली.
"सुटे नाहीत," मी म्हणालो.
"असू देत. दोनशे राहिले तुझ्याकडे.
आलो की घेईन."

वरच्या खिशात ठेवली नोट.
तिथे अजून
उंड्याचा चुरा होता.