पाळीव

शनिवारी सकाळी ती माल होती.
स्किप्टनजवळच्या शेडमधल्या अठरा हजारांतली एक,
दीड वर्षाची, म्हणजे हिशेबातून उतरलेली,
पाठीवर पीस नाही, मान सोललेल्या रताळ्यासारखी.
अडीच पौंड दिले, खोक्याला भोकं पाडली.
डिकीत नको म्हणून शाल्मलीनं
खोकं मांडीवर घेतलं
आणि कीथली येईपर्यंत तिचं नाव खारीक झालं होतं.
नक्की कुठल्या वळणावर झालं ते?
पेट्रोल पंपापाशी, की कालव्याच्या पुलावर?

सरकारला कळवावं लागतं.
पक्षी किती, जात कोणती, कशासाठी पाळता.
अंडी. मांस. इतर.
जेवणं झाल्यावर चष्मा लावून बसले
आणि 'पाळता'पाशीच अडकले.
आमच्या भाषेत म्हैसही पाळीव, मांजरही.
शब्द पाळतात, पथ्य पाळतात, सुतक पाळतात,
पोर निजवतात तोही पाळणाच.
दोन रकाने करावेत असं कुणाला सुचलं नाही.
शेवटी 'अंडी'वर खूण केली. खोटं नव्हतं ते.

कुडाळला आई दहा-बारा पाळायची.
तिन्हीसांजेला ती-ती-ती करत खुराड्यात मोजून घ्यायची,
एखादी कमी भरली की कंदील घेऊन माडांत हिंडायची,
मुंगसाच्या सात पिढ्या उद्धरायची.
आणि मामा आले की तीच आई
बोट दाखवून म्हणायची, ती तांबडी.
वडे टम्म फुगायचे. आम्ही रस्सा मागून घ्यायचो.
एक तेवढी राखणदाराला बोललेली असे,
तिला कुणी हात लावत नसे.
तिची तारीख वेगळी होती, इतकंच.
नावं ठेवायची ती सुनांना,
कोंबड्यांना नाही.

नोव्हेंबरात हुकूम आला: साथ आहे, कोंबड्या झाका.
मी एकटीच हसले स्वयंपाकघरात.
कोंबडं झाकून काय होत नाही
हे ह्यांना कोण सांगणार.
जाळी ठोकायला शेजारचे हेन्सवर्थ आले,
एक्याऐंशी वर्षांचे, उभा जन्म गिरणीत गेलेला.
"दुखणाईत झाली तर मला हाक मारा," म्हणाले,
आणि दोन मुठींनी हवेत काहीतरी पिळून दाखवलं.
शाल्मली आठवडाभर त्यांच्याशी बोलली नाही.

एप्रिलात खारीक कोपऱ्यात फुगून बसली.
डॉक्टर तरुण होती, हात ऊबदार,
तपासायचे अठ्ठ्याऐंशी पौंड.
पहिला प्रश्न तिनं विचारला तो
"हिची अंडी तुम्ही खाता का?"
कायद्यानं ही अन्नात मोडते, म्हणाली,
तुम्ही स्वेटर विणून घातलात तरी.
(विणला होता. पिवळा. मी बोलले नाही.)
आणि जाताना, दार धरून, हलक्या आवाजात:
गेली तर अंगणात पुरू नका.
मांजर असती तर चाललं असतं.

गुरुवारी गेली.
हाक न मारता हेन्सवर्थ आले, कुदळ घेऊन.
हवा पिळणारे तेच हात
गुलाबाच्या मुळांना धक्का न लावता खणत राहिले.
टॉर्च शाल्मलीनं धरला.
मग त्यांनी टोपी काढली
आणि पलीकडच्या भिंतीला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले,
"चांगलं मांजर होतं हो."

त्याच आठवड्यात हुकूम उठला.
जाळी सोडली तशा उरलेल्या तिघी
धावत थेट तिथंच गेल्या,
भुसभुशीत माती, आयती गांडुळं,
पायांनी मागं उडवत, माना तिरक्या करत.
मी ओरडणार होते.
नाही ओरडले.
संध्याकाळी ती-ती-ती केलं, मोजल्या,
पुन्हा मोजल्या.
फॉर्मवर अजून चार आहेत.