ब्याण्णव एमबी

डिस्क भरली. एका टेराबाइटला लाल पट्टी.
उरलेत सहा जीबी,
म्हणजे एक लढाई, तीही अर्धी.

शाहूपुरीत दस्तगीर म्हणाला,
‘साठ फ्रेम कशाला मारतोस लेका?
बघणारी माणसं तुझी मोजून तीस,
तीस फ्रेम बास.
आणि बिटरेट एकच धरून बसू नको,
हलतंय तिथं खाऊ दे,
थांबलंय तिथं उपाशी ठेव.’
नवी डिस्क त्यानं काचेतनंच दाखवली.
किंमत ऐकून मी त्याच्याकडचा चहा पिलो
आणि परत आलो.

रात्री बसलो निवडायला.
फायलींना नावं नाहीत, नुसत्या तारखा.
आकारानं लावल्या, थोरली वर.
अठ्ठेचाळीस जीबी : किल्ल्याचा वेढा. हरलो.
एकतीस : तोच वेढा. परत हरलो.
बावीस : जिंकलो, पण माईक बंद होता,
म्हणजे ओरडलो ते कुठंच नाही.

ती बावीसची आधी चेपून बघितली.
सबंध रात्र पंखा घोंघावला,
सकाळी सात जीबी निघाली,
आणि गवताची पाती होती तिथं
हिरवे चौकोन,
लादी बसवल्यासारखे.

तळाला एक फाईल.
अकरा मिनिटं, ब्याण्णव एमबी.
लाईट गेली असणार, म्हटलं,
अर्धवट तुटलेली असणार.
उडवायच्या आधी उघडली एवढंच.

तारीख सोमवारची, दुपारचे पावणेतीन.
मी तेव्हा क्लासला, उमा टॉकीजपाशी.
गेम उघडला की रेकॉर्डिंग आपोआप सुरू,
हे मीच लावून ठेवलेलं.

घोडा भिंतीला तोंड लावून उभा.
मग मागं.
मग परत भिंतीलाच.
माईकमध्ये बांगडीचा आवाज, कळांवर घासलेला,
‘हात्तिच्या,’
आणि मग तिला डब्ल्यू सापडला.

घोडा उतरणीला लागला.
वाटेत दोन शिपाई होते, त्यांना बाजूला सोडून,
सोन्याची पेटी होती, तिलाही सोडून,
थेट नदीवर.
माझं कार्ड जुनं, म्हणून पाणी हलायचं मी बंद ठेवलंय.
त्या काचेसारख्या पाण्यापाशी घोडा थांबला
आणि आई म्हणाली,
‘पी की रं.’

त्या गेममध्ये घोडा पाणी पीत नाही.
तशी कळच नाही.
तिला ते माहीत नव्हतं,
ती वाट बघत बसली.
आठ मिनिटं.

शिरोळीच्या फाउंड्रीत आई कोअर करते,
वाळूचा गाभा, एकेक हातानं घासून.
लोखंड ओतून गार झालं की तो फोडून टाकतात,
मागं राहते पोकळी, बरोबर त्याच मापाची.
काय करतीस तिकडं, असं कुणी विचारलं
की म्हणते, भोकं.

आठ मिनिटांत काहीच हललं नाही,
म्हणून यंत्रानं लिहिण्यासारखं काही धरलं नाही.
‘आधीच्यासारखंच, आधीच्यासारखंच,’ एवढंच लिहीत गेलं.
आवाज मात्र सगळा आहे :
खाली भंगारवाला,
खुर्चीची कुरकूर,
एकदा जांभई,
मग शेवंता काकू जिन्यातनं, ‘मालन, हायस का?’
आणि काळी स्क्रीन.

वेढे उडवले. दोन्ही.
जिंकलेली लढाईसुद्धा, मूळची आणि चेपलेलीपण.
शंभरावर जीबी मोकळे झाले.
ब्याण्णव एमबीला हात लावला नाही,
चेपायला त्यात होतं काय?

तिला बोललो नाही.
रात्री भाकरी थापताना तिनं विचारलं,
‘झाली का जागा?’
झाली म्हटलं.
‘मग एवढं तोंड का?’

आता तीस फ्रेमवर आहे. दस्तगीरचं खरं, बास होतात.
सोमवारी निघताना पासवर्ड काढून ठेवला,
भिंत जवळ नको म्हणून
घोडा आधीच नदीवर नेऊन
सेव्ह केला.