पेटी क्रमांक एकशे बारा

सुमाइलच्या बाहेर, पत्र्याच्या शेडमध्ये
मी दगडाच्या कांड्या लावतो.
ड्रिलवरून येतात ओल्या, उसाच्या पेरांसारख्या.
प्रत्येकीवर खडूचा बाण :
वर कुठलं, खाली कुठलं.
एवढं चुकवायचं नाही.
बाकी सगळं डोंगरानं आधीच चुकवून ठेवलंय.

कारण हा डोंगर डोंगर नव्हताच.
समुद्राचा तळ होता, तळाच्याही खालचं काही,
ज्यानं उजेड बघायचा नव्हता कधी.
जड खडकानं हलक्याखाली जावं, अशी रीत.
हा गेला नाही.
किनाऱ्याच्या अंगावर चढला
आणि राहिला पडून,
वर गवताची काडी नाही,
नऊ कोटी उन्हाळे.

माझा बाप पाथरवट.
सांगोल्याकडं जात्यांना टाकी लावत फिरायचा.
दगड घेण्याआधी वाजवायचा.
"खण्ण बोलला तर घे.
बद्द बोलला तर आत भेग हाय, सोड."
पहिल्याच आठवड्यात, कुणी नसताना,
इथला दगड मी पान्यानं वाजवला.
खण्ण नाही बोलला. बद्दही नाही.
हिरवट, हाताला साबणासारखा,
अंगभर पांढऱ्या शिरा.

थुरैया मॅडम बोट ओलं करून
त्या शिरेवर फिरवतात.
म्हणाल्या, इथं भेग म्हणजे खोट नव्हे.
भेगेतून पाणी उतरतं, पाण्याबरोबर हवा,
आणि आत हवेचा दगड होतो.

हवेचा दगड!
रात्री फोनवर बापाला सांगितलं.
तो बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, "पगार झाला का?"

दुरमोहम्मद ड्रिलर बलुच.
त्याचं गाव समुद्रापलीकडं, मकरानात.
ही सगळी जमीन तिकडंच चाललीय,
वर्षाला बोटाचं एक पेर,
आणि त्याच्या गावाखाली शिरतेय.
तो चहा ढवळत म्हणतो,
"बसूया इथंच. तिकिटाचे पैसे वाचतील."

शुक्रवारी फलजच्या कडेला खल्फान भेटतो.
पाण्याच्या पाळ्या मोबाईलवर लिहितो आता,
तरी खुंटीची सावली बघायला जातोच.
वरच्या घळीत एक निळं डबकं आहे,
पाण्यावर पांढरी साय.
"त्यात हात घालू नकोस," तो म्हणतो,
"ते डोंगराचं पोट धुतलेलं पाणी. कातडी खातं."
मी घातला होता. सांगितलं नाही.

दिवसा पत्रा तडतडतो, रात्री कडा.
कुठंतरी एक कपचा सुटतो,
वादीत पडतो, पुराची वाट बघतो,
दोन वर्षं, कधी पाच.
मग पूर आणि वारा मिळून दळतात त्याला,
आणि थोडं पीठ वहीबाच्या वाळूत सांडतं.
या जात्याला टाकी कोण लावतं,
ते बापाला विचारायचं राहिलंय.

काल पेटी एकशे बारा.
शेवटची कांडी, वीतभर,
पाण्यानं बाण पुसलेला.
वर कुठलं, खाली कुठलं?
मॅडम मस्कतला. दुरमोहम्मद नमाजला.
मी ती कानाशी धरली, पान्यानं टकटक केलं,
उलटी केली, पुन्हा टकटक.
दोन्हीकडून तेच.

शेवटी खडू घेतला आणि बाण काढला.
बरोबर असेल.
डोंगराकडून अजून तरी तक्रार नाही.