सातव्या चाचणीआधी

सहावी सराव चाचणी : एकोणसत्तर टक्के.
हवेत ब्याऐंशी.
लाल फुल्यांच्या खाली नम्रपणे लिहिलेलं –
हा प्रश्न तुम्ही याआधीही चुकला आहात.

आहे खरा.
पण आता काही प्रश्न वाचायच्या आधीच कळतात.
'एका शाखेत पन्नास यंत्रे' एवढं दिसलं
की बोट आपसूक 'क' वर जातं.
बरोबर येतं. त्याचीच भीती वाटते.

शर्वाणीने ते ओळखलं.
बारावीतली पोर, पेज जेवता जेवता
पर्यायांची अदलाबदल करून विचारते,
"बाबा, आता क नाही. का, ते सांगा."

का.
बारा वर्षं डिचोलीच्या खाणीवर मी काट्यापाशी बसलो.
भरलेला ट्रक चढायचा, आकडा.
रिकामा परतायचा, आकडा.
वजा करायचं, सही ठोकायची.
का, असं कुणी विचारलं नाही,
मागे हॉर्न वाजत असायचे.
मग एका सोमवारी हॉर्न वाजलेच नाहीत.

आता सतरकरांच्या केबलवर. खांद्यावर शिडी,
लोकांच्या माड्यांवर राउटर चिकटवत फिरतो.
ते म्हणाले, सर्टिफिकेट आण,
पर्वरीच्या ऑफिसात खुर्ची देतो.

"पळय," मी वही ओढतो,
"पत्ते चौसष्ट.
पहिला जाळ्याच्या नावाचा,
शेवटचा सगळ्यांना एकदम हाक मारायचा.
हे दोन मालात धरायचे नाहीत.
उरले बासष्ट. पन्नास मावले.
बत्तीसचा गट घेतला असता तर तीसच,
वीस जण रस्त्यावर."

ती वहीकडे बघत राहते. मग मीही.
हाताने न विचारता तीन रकाने आखलेले :
एकूण, रिकामे, निव्वळ.

रात्री वीज गेली, आली.
राउटरचे दिवे एकेक करून उठले.
चौथ्या प्रकरणात आहे हे –
नव्या यंत्राला स्वतःचा पत्ता नसतो,
ते साऱ्या जाळ्याला ओरडून विचारतं,
कुणी आहे का, मला पत्ता देणारं?
सहाही चाचण्यांत
हा प्रश्न माझा एकदाही चुकलेला नाही.

सोमवारी साडेसातच्या कदंबाने पणजी.
आत पेन नेऊ देत नाहीत म्हणे.
काट्यावरचं निळं पेन तरी खिशाला लावीन,
राहील बाहेर, लॉकरात.