खांबावरून

जूनच्या आधी खोली ठरवायची होती.
माझ्या लाईनीवर तीन गावं, भाडं तिन्हीकडे सारखंच,
बाराशे, पाणी वेगळं.
प्रणिता म्हणाली, खोलीचं काय पाहता, शाळेचं पाहा,
समीक्षा यंदा दुसरीत जाते.
म्हणून मार्चभर
फ्यूज टाकता टाकता शाळा पाहत राहिलो.
खाली उभं राहून फलक वाचता येतो,
वरून डोकी मोजता येतात.

बोरखेडीला इंग्लिश मीडियम. पिवळी व्हॅन,
कंपाउंडवर एबीसीडी, प्रत्येक अक्षरापुढं एक फळ,
त्यातली निम्मी आमच्या बाजारात कधी आली नाहीत.
बिल दर महिन्याला वेळेवर.
दुपारी दोनला सगळी पोरं एका सुरात काहीतरी म्हणत होती.
पट्ट्यात लटकून ऐकलं. शब्द कळले नाहीत,
सूर ओळखीचा होता :
साहेब आले की ऑफिसात आम्ही लावतो तोच.

सालेगावला सेमी. संस्थेची दुमजली इमारत,
गेटवर निकाल शंभर टक्के,
त्याखाली गुणवंतांचे फोटो,
तीन उन्हाळ्यांनी पांढरे पडलेले.
हेडमास्तरांनी चहा पाजला, समीक्षाचं आधार कार्ड मागितलं.
"पटावर घेऊन ठेवतो, मंग येवो का न येवो."
चहा चांगला होता, तेवढं कबूल करतो.

हिवरधऱ्याला मी शाळा पाहायला गेलोच नव्हतो.
जिल्हा परिषदेची शाळा, दोन खोल्या, एक पंखा,
चौदा महिन्यांची थकबाकी
आणि माझ्या हातात तोडणीचा कागद.
उईके मॅडमनी सही केली, खाली तारीख घातली,
मला काही बोलल्या नाहीत.
बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.
पोरांना म्हणाल्या, वह्या मिटा, बाहेर या,
काका खांबावर चढणार आहेत,
आधी काय करतात, मग काय करतात, नीट पाहा.

बारा वर्षांत माझ्याकडे असं कुणी पाहिलं नव्हतं.
एरवी डिकीत पडलेले हातमोजे
मी त्या दिवशी घातले.

तार सुटली.
खाली आलो तर एक पोट्टी, पुढचे दोन दात पडलेली,
वाट अडवून उभी :
"काका, तार तं तुम्ही तोडली,
मंग पंखा लगेच काऊन नाही थांबला?"
उत्तर मला येत होतं,
आयटीआयच्या कुठल्या तरी वहीत होतं,
तोंडात येईना.
मॅडम म्हणाल्या, सांगू नका तिला,
उद्यापर्यंत शोधू द्या.

गाडीला किक मारली. मार्चातच बेचाळीस,
वारा नाही, आणि मोहाचा तो जड वास.
पुढच्या डीपीपर्यंत मी तो पंखाच पाहत होतो,
कुणी ढकलत नसताना फिरणारा.

रात्री प्रणितानं विचारलं.
व्हॅनचं सांगितलं, चहाचं सांगितलं,
मग म्हणालो, हिवरधऱ्यालाच खोली घेऊ.
चूक असेल. दहावीत कळेल,
तेव्हा कळून उपयोग नसेल.
"असं काय हाय तिथं?"
सतरा पोरं. आपली अठरावी.
"पंखा तरी हाय का शाळेत?"

मी भाकर मोडली, वरणात बुडवली.
होता, म्हणालो.
आज सकाळपर्यंत होता.