नव्या तांदळाचा भात

"सुशी? कोन सुशी?
मांगच्या घरची?"
आईनं थर्माकोलच्या डब्याकडे असं बघितलं
जसं त्यातून सुशीलामामीच निघणार आहे.

डबा नागपूरहून आला, एसटीत कंडक्टरच्या पायाशी.
साकोलीला मी तो उतरवून घेतला
आणि गावापर्यंत टमटममध्ये
गारठलेल्या मांड्यांनी बसून राहिले.

बाबांनी झाकण काढलं.
चाळीस वर्षं तलावात जाळं टाकणारा माणूस,
कल्ले उचलून सांगतो मासा सकाळचा की कालचा,
तो बर्फातल्या लांबट तुकड्याकडे बघत राहिला.
"डोकं कुठी हाय याचं?"
नाही.
"कल्ले?"
नाही.
"मंग वळखू कसा?"
पळसाच्या फुलाचा रंग, मध्ये पांढऱ्या रेघा.
त्यांनी रेघांवरून अंगठा फिरवला, हुंगला,
आणि बऱ्याच वेळानं म्हणाले,
"थंड्या पान्यातला हाय. लय पोहला असन."

पुण्याच्या हॉटेलात तीन वर्षं
मी तांदूळ धुतले, सातव्या पाण्यापर्यंत.
मासा कापणाऱ्यांपैकी कुणी
हे मला कधी सांगितलं नव्हतं.

भाताचं वेगळंच.
आईनं कोठीतला जुना चिन्नोर काढला,
पाहुण्यांसाठी ठेवलेला, शीत न् शीत मोकळं.
मी म्हटलं, नवा दे, परवाच गिरणीवरून आलेला.
"त्याचा तं गिच्च होते भात."
गिच्चच पाहिजे.
तिचा हात मापातच राहिला.
लग्नाच्या पहिल्या वर्षी
भात गिच्च झाला म्हणून सासूनं
भरलं ताट अंगणात ठेवलं होतं, कोंबड्यांपुढे.
हे तिनं मला त्या दिवशी सांगितलं,
खडे निवडता निवडता, हसत.

चायनीजच्या गाडीवाल्याकडून व्हिनेगर, साखर, मीठ.
परातीत भात पसरला. आईनं सुपानं वारा घातला,
सवयीनं दोनदा रिकामंच पाखडलं.
वीतभर चटई मंगरू बुरडानं विणली होती:
"बाहुली निजवाची हाय का, बाई?"
पैसे घेतले नाहीत,
काय होते ते दाखव म्हणाला,
आणि खरंच दाराशी येऊन बसला.

मासा पावशीवर.
एकदाच ओढ, परत नाही, असं मी सांगणार होते,
तोवर तिचा हात खाली आला होता.

पहिली गुंडाळी फुटली.
दुसरी कमरेत वाकडी.
तिसरी मंगरूनं स्वतःच आवळली.

"कच्चाच?"
कच्चाच.
बाबांनी डोळे मिटून घास घेतला,
चावला, गिळला, विचार केला.
"मंग आपला मरळ काहून नाही?
उद्या पहाटे आनतो, जित्ता."
नाही बाबा, तलावातला कच्चा चालत नाही,
जंत असतात. हा आधी गोठवलेला असतो.
मी बोलून गेले.
दुसरा तुकडा त्यांनी उचलला नाही.
बाहेर जाऊन जाळ्याची गाठ तपासत बसले,
जी सकाळीच त्यांनी बांधली होती.

आईनं वाळवलेले झिंगे तव्यावर टाकले.
भात, झिंगे, बोटभर तिखट,
आणि समुद्राचा तो काळा कागद,
"हा बी खावाचा हाय?" असं विचारत
तिनं चटईत आवळला
आणि न कापता, अख्खा, कणसासारखा
त्यांच्या हातात दिला.

अर्धा संपल्यावर
आमच्याकडे न बघता ते म्हणाले,
"आपल्या माशाले इस्तो लागते. बस."
आणि जरा वेळानं,
"अजून हाय का?"

भात संपला होता.
आई पुन्हा तांदूळ धुवायला बसली. नवाच.
मी मोजत होते.
दुसऱ्या पाण्यालाच तिनं भांडं कलंडवलं.
"पुरे," म्हणाली, "चव जाते."